वर्ट ३५ अंशांवर अडकतो तेव्हा

घरी बिअर बनवताना माल्टचं उकळलेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, यीस्ट घालण्याआधी २० अंशांपर्यंत गार करावं लागतं. त्यासाठी त्यात तांब्याच्या नळीची गुंडाळी, म्हणजे कॉइल, बुडवून तिच्या आतून गार पाणी सोडतात. उन्हाळा लागला की आमच्याकडे एकच तक्रार येते: "कॉइल लहान पडते, तासभर पाणी सोडलं तरी वर्ट ३५ च्या खाली उतरत नाही." मोठी कॉइल घ्यायला येण्याआधी एवढं वाचा. २० लिटर वर्टला आमची १० मिलिमीटर नळीची, १० मीटर लांबीची कॉइल पुरते. चूक बहुतेक वेळा बर्फाच्या वेळेत असते.

गॅस बंद केल्या केल्या सगळा बर्फ बादलीत ओतून तिच्यातलं पाणी कॉइलमधून फिरवणारा पंप सुरू केला जातो. पुण्याच्या उंचीवर वर्ट साधारण ९८ अंशांना उकळतो. नळाचं पाणी २८ अंश धरलं तरी ७० अंशांचा फरक मिळतो, आणि तेवढ्यावर उष्णता भराभर निघते. वर्ट ४० ला आला की फरक उरतो १२ अंशांचा, मग काटा हलता हलत नाही. बर्फ लागतो तो इथे, आणि नेमका तेव्हाच तो वितळून गेलेला असतो. ९८ वरून ४० पर्यंतचं काम बर्फावर टाकलं तर १२ किलोंहून जास्त बर्फ जातो. ४० वरून २० ला यायला ६-७ किलो पुरे.

म्हणून आधी कॉइल थेट नळाला जोडा. वर्ट ४० ला येईपर्यंत साधारण चार बादल्या पाणी जातं. पहिली बादली चटका बसेल इतकी गरम असते. ती भांडी धुवायला ठेवा, बाकीचं पाणीही वाया घालवू नका. मग नळ बंद करून बादलीत १० लिटर पाणी, ६-७ किलो बर्फाचा चुरा आणि कूलरचा छोटा पंप ठेवा, आणि परतीची नळी त्याच बादलीत सोडा. बादली जमिनीवर आणि पातेलं ओट्यावर असेल तर हा पंप पाणी जेमतेम चढवतो. दोन्ही एका उंचीवर घ्या. बर्फ वर्टमध्ये मात्र कधीही टाकू नका. लादीचा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे, हे कळायला मार्ग नसतो.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी एप्रिल-मेच्या दुपारी चांगलंच तापलेलं असतं. त्या दिवसांत नळाचं पाणी आधी थर्मामीटरने बघा आणि जमलं तर थंड करण्याचं काम सकाळी येईल अशी वेळ धरा.

कॉइल नुसती बुडवून ठेवू नका. नळीला लागून असलेला वर्ट गार होतो आणि बाकीचं पातेलं गरमच राहतं. कॉइलचे दोन्ही दांडे फडक्याने धरून ती सावकाश वर-खाली करा, नाहीतर लांब दांड्याचा डाव फिरवत राहा. फेस येईल इतकं मात्र घुसळू नका. हवा मिसळायची ती वर्ट गार झाल्यावर, यीस्ट घालताना. तापमानही ढवळूनच बघा.

उकळीची शेवटची १५ मिनिटं कॉइल वर्टमध्येच असू द्या, म्हणजे ती निर्जंतुक होते. ८० अंशांच्या वर झाकण घट्ट लावू नका. उकडलेल्या मक्यासारखा वास देणारा डायमिथाइल सल्फाइड तोवर तयार होत असतो, त्याला वाफेबरोबर जाऊ द्या. त्यानंतर झाकण हवंच, कारण ६० च्या खाली जंतूंची वाढ होऊ शकते. नळीचे जोड पातेल्याच्या काठाबाहेर, खाली तोंड करून ठेवा. जोडातून गळणारं पाणी थेंबाथेंबाने वर्टमध्ये गेलं, तर सगळी बॅच आंबट होऊ शकते. आमच्या कॉइलची टोकं म्हणूनच लांब ठेवून बाहेर वळवलेली आहेत आणि बुडणाऱ्या भागात डाग देऊन केलेला एकही जोड नाही.

तांबट आळीतली भांडी पाहिलेले ग्राहक विचारतात, तांब्याच्या कॉइलला कलई करायची का? नको. वर्टशी संपर्क तासाभराच्या आतला असतो. हिरवट थर दिसला तर चिंचेने घासून स्वच्छ धुवा. तयार बिअर मात्र तांब्याला लागू देऊ नका.

प्लेट चिलर, म्हणजे पातळ पत्र्यांच्या थरांमधून वर्ट आणि पाणी वेगवेगळं नेऊन गार करणारं यंत्र, वेगवान असतो, हे खरं. पण हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, गाळ त्यात अडकतो आणि आतून साफ झाला की नाही, हे दिसत नाही. घरच्या २० लिटरसाठी आम्ही तो सुचवत नाही, ठेवतही नाही. पंप, क्लिपा आणि जाळीची नळी कॉइलबरोबर संच म्हणून मिळतात.

बिअर बनवण्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू आहे. परवान्याचे नियम आधी पाहून घ्या.

एवढं करूनही वर्ट अडकला तर येताना तीन आकडे लिहून आणा: नळाच्या पाण्याचं तापमान, वर्ट किती लिटर, आणि बर्फ किती अंशांवर घातला.