रात्रीची लघवी आणि घशाची कुरापत

रात्रीत तीन-चार वेळा लघवीला उठावं लागलं की पुरुष प्रोस्टेटला बोल लावतात, बायका मधुमेहाला. बाकीचं सगळं वयाच्या माथी. घशाचा संशय सहसा कुणालाच येत नाही.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते. वय वाढतं तसे हे स्नायू आणखी ढिले पडतात आणि श्वासाची वाट मधूनमधून मिटते. छाती-पोट जोर लावत राहतात, हवा मात्र आत शिरत नाही. श्वास असा किमान १० सेकंद अडला की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा खुलतो आणि मोठ्यानं घोरणं पुन्हा सुरू. सकाळी यातलं काही आठवत नाही. श्वास तासाला ३० वेळा किंवा त्याहून जास्त अडत किंवा मंदावत असेल तर हा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, तीव्र समजतात. म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा!

आता लघवीचं. मिटलेल्या घशातून श्वास ओढताना छातीतला दाब खूप खाली जातो. त्यामुळे हृदयाकडे जास्त रक्त खेचलं जातं आणि उजवा कप्पा ताणला जातो. हृदयाचा समज होतो की अंगात पाणी फार झालं. ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी बाहेर टाकू लागतात. मूत्राशय खरोखरच भरतं. प्रोस्टेटच्या गोळ्या इथे काय करणार?

उतारवयात हा आजार छान लपतो. दिवसा डुलकी लागली तर ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देतात. विसरभोळेपणाचंही तेच. सडसडीत माणसालाही तो गाठतो, आणि पाळी गेल्यावर बायकांमध्ये त्याचं प्रमाण वाढतं. जोडीदार गेल्यावर एकट्यानं झोपणाऱ्याचा अडलेला श्वास ऐकणार तरी कोण? त्यात झोप लागत नाही म्हणून मनानंच गोळी घेतली, तर काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि वेळेवर येणारी जागही दाबतात.

१९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी नाकावाटे दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवण्याचा उपाय मांडला. तेच आजचं सीपॅप यंत्र. मुखवटा लावून झोपणं सुरुवातीला जिवावर येतं, हे खरंच. पण तो अंगवळणी पडला की रात्रीच्या खेपा बऱ्याच जणांच्या कमी होतात.