व्यायामाची गोळी कुठून कुठवर आली

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत मी आठवड्यातून तीनदा तिसऱ्या मजल्यावर जाते. फिजिओथेरपिस्ट आहे. तिथल्या आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि ते अंथरुणाला खिळले. गुडघ्याच्या वाटीपासून १० सेंटिमीटर वर पेनाने खूण करायची, तिथे टेप गुंडाळून मांडीचा घेर मोजायचा, हे माझं पहिलं काम. तीन आठवड्यांत तो घेर अडीच सेंटिमीटरने उतरला होता. परवा त्यांच्या सुनेने मोबाइल पुढे केला. "मॅडम, व्यायामाची गोळी निघाली म्हणे. बाबांना चालेल का?"

तलावपाळीला फेऱ्या मारणारी मंडळीही हे विचारतात, पण त्या घरातल्या विचारण्यात काकुळत होती. म्हणून हालचाल न करता व्यायामाचा फायदा देऊ पाहणाऱ्या या गोळीची हकिकत मुळापासून सांगते.

ती सुरू होते लंडनच्या बसमध्ये. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरने तिथल्या डबलडेकरवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर रोज ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. पगार, वस्ती, राहणीमान साधारण सारखंच. तरी कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी, आणि झालाच तर तितका जीवघेणा नाही. १९५६मध्ये मॉरिसनी गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या पँटची कंबर मोठी निघाली, अगदी तरुण ड्रायव्हरांचीसुद्धा. म्हणजे मुळात आडव्या अंगाची माणसंच ड्रायव्हर होत असतील का, ही शंका त्यांनी स्वतःच आपल्या शोधावर घेतली. शिंप्याच्या मापांवरून स्वतःला असं तपासणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

चालण्याने शरीरात नेमकं काय बदलतं, हे कळायला आणखी वेळ लागला. १९६७ साली अमेरिकेत सेंट लुइसला जॉन होलोझी यांनी उंदरांना बारा आठवडे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांची, क्षमता जवळपास दुप्पट झालेली दाखवली. १९९६मध्ये विंडर आणि हार्डी यांनी त्यामागची एक कळ दाखवून दिली. पेशीतलं इंधन सरत आलं की एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि साठवलेली चरबी जाळायला लावतं. पळताना हेच घडतं. मग ही कळ औषधाने दाबली तर?

कॅलिफोर्नियाच्या सॉल्क संस्थेत रोनाल्ड इव्हान्स दुसऱ्या कळीच्या मागे होते, पीपीएआर-डेल्टा, म्हणजे चरबी जाळणारी जनुकं चालू करणारं पेशीतलं प्रथिन. २००४मध्ये त्यांनी जनुकात बदल करून ती कायम चालू असलेले उंदीर तयार केले. ते इतरांच्या दुप्पट अंतर पळाले. २००८मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून औषधांचा निबंध आला. त्याच्या पहिल्या लेखकाचं नाव विहंग नारकर. हे आडनाव वाचून मराठी माणूस थबकतोच. एएमपीकेची कळ दाबणारं आयकार हे द्रव्य चार आठवडे दिलेले उंदीर, काही सराव नसताना, ४४ टक्के जास्त पळू शकले. पीपीएआर-डेल्टाचं औषध जीडब्ल्यू १५१६ मात्र नुसतं देऊन उंदीर जास्त पळाले नाहीत. सरावाच्या जोडीला दिलं तेव्हाच त्यांचा दम चांगलाच वाढला. बातम्यांत मोठे मथळे आले ते आयकारचे. मला महत्त्वाची वाटते ती ही दुसरी ओळ.

जीडब्ल्यू १५१६ मूळचं ग्लॅक्सोच्या औषधसंशोधनातलं. प्राण्यांवरच्या दीर्घ चाचण्यांत अनेक अवयवांना कॅन्सर दिसल्यावर २००७मध्येच त्याचं काम थांबवलं होतं. पण मथळे वाचून ते खेळाडूंच्या बाजारात शिरलं. २००९मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, त्यावर बंदी घातली आणि २०१३मध्ये ते आरोग्याला घातक असल्याचा जाहीर इशाराही दिला. तरी हेच द्रव्य 'कार्डारिन' नावाने फिरतं. घोडबंदर रोडला जिमला जाणाऱ्या एका मुलाने मला त्याची छोटी बाटली दाखवली होती. लेबलवर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: फक्त संशोधनासाठी. वय २२. मी त्याच्याजवळ बसून ते त्याला मोठ्याने वाचायला लावलं. ज्याचे पाय धड आहेत त्याच्या हातात बाटली आधी पोचते, याचं मला मनापासून दुःख होतं.

सध्याचे फॉरवर्ड आहेत एसएलयू-पीपी-३३२ या व्यायामाची नक्कल करू पाहणाऱ्या नव्या द्रव्याचे. यातलं एसएलयू म्हणजे सेंट लुइस युनिव्हर्सिटी, होलोझींच्याच गावातली. थॉमस बरिस यांच्या गटाने २०२३मध्ये दाखवलं की हे द्रव्य दिलेल्या लठ्ठ उंदरांचं वजन महिन्याभरात सुमारे १२ टक्के घटलं, खाणं कमी न होता. पुन्हा उंदीरच, आणि तेही इंजेक्शनने.

माणसांवरची एक मोठी चाचणी मात्र झाली आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी तीच नसते. जनुकीय दोषामुळे मायटोकॉन्ड्रियांचा स्नायुविकार असलेल्या रुग्णांना मॅव्होडेलपार हे पीपीएआर-डेल्टाचंच औषध देऊन ते १२ मिनिटांत किती अंतर चालतात हे मोजलं गेलं. २०२३च्या डिसेंबरमध्ये निकाल आला: औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा ते जास्त चालू शकले नाहीत.

तरीही हे संशोधन थांबू नये असंच मला वाटतं. ज्यांना उठताच येत नाही, त्यांचे स्नायू झिजायचे राहिले तरी पुष्कळ. तोल सांभाळायला मात्र कुठलीही गोळी शिकवणार नाही, आणि हाडाला लागतो तो उभं राहिल्यावर पडणारा भार. सुनेला मी सांगितलं, माणसासाठी व्यायामाची गोळी म्हणून मान्यता मिळालेलं औषध आज एकही नाही. मग टॉवेलची गुंडाळी करून आजोबांच्या गुडघ्याखाली ठेवली. "दाबा आजोबा, पाच मोजेपर्यंत." त्यांनी तीनपर्यंत दाबली. आम्ही पुन्हा एकपासून मोजायला लागलो.