हळद, गुठळी आणि पहिले तीन तास

परवा पुन्हा तो व्हिडिओ आला: अपघातात रक्त वाहत असेल तर जखमेत हळद नाहीतर चहा पावडर भरा. भरू नका. स्वच्छ कापड ठेवून तळहातानं घट्ट दाबून धरा, आणि थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका. पण बाईकवरून फेकल्या गेलेल्या माणसाची पोटातली प्लीहा फाटली असेल तर? तिथं ना हळद पोचते, ना तळहात. तिथं उपयोगी पडू शकतं ते ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड नावाचं औषध.

शाळेत आपण शिकतो की फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं, त्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होते. धडा तिथंच संपतो. शरीर मात्र एकीकडे ती गुठळी उसवायलाही घेतं, नाहीतर रक्तवाहिन्या तुंबल्या असत्या. उसवणारी कात्री म्हणजे प्लाझ्मिन. तिचं झोपलेलं रूप प्लाझ्मिनोजेन. त्याच्या रेणूत पाच वेटोळी असतात. स्कँडिनेव्हियातल्या एका पावाच्या आकारावरून त्यांना ‘क्रिंगल’ म्हणतात. बारसं आपण केलं असतं तर ‘चकली’ म्हटलं असतं. फायब्रिनवर लायसिन हे अमिनो आम्ल जिथं डोकावतं तिथं ही वेटोळी धरतात, मग टीपीए नावाचं विकर प्लाझ्मिनोजेनला जागं करतं आणि धागे तुटू लागतात. मोठ्या अपघातात ही उसवण कधीकधी बेफाम होते. आपलं औषध, ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड, म्हणजे लायसिनचं सोंग घेतलेला चिमुकला रेणू. तो वेटोळ्यांत आधीच जाऊन बसतो. कात्रीला धागा धरताच येत नाही!

उटाको आणि शोसुके ओकामोटो या जपानी संशोधक दांपत्यानं हे औषध शोधलं. युद्धानंतर प्रयोगांना पैसा नव्हता. रक्तावर काम करायचं ठरलं, कारण कमी पडलं तर स्वतःचं काढता येतं. १९६२मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. पाळीत फार रक्त जातं तेव्हा डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यांत बहुधा हेच असतं. अपघातग्रस्तांवरची मोठी चाचणी, क्रॅश-२, मात्र २०१०मध्ये प्रसिद्ध झाली: ४० देश, २७४ रुग्णालयं, २०,२११ रुग्ण. त्यात भारतही होता. औषध न मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण १६ टक्के होतं, मिळालेल्यांत ते १४.५वर आलं. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाचे मृत्यू ७.७वरून ५.३ टक्के झाले. तीन तासांनंतर दिलं तर उलट ३.१चे ४.४ झाले. तोवर पीएआय-१ हे प्रथिन वाढून शरीर स्वतःच टीपीएला आवरू लागतं, हे त्याचं एक संभाव्य कारण.

म्हणजे हीही जादू नव्हे. फाटलेल्या प्लीहेला सर्जन लागतोच. पण रक्ताची पिशवी २ ते ६ अंशांत जपावी लागते आणि हे इंजेक्शन साध्या कपाटात राहतं. एक ग्रॅम दहा मिनिटांत, आणखी एक ग्रॅम आठ तासांत सलाइनमधून. रक्तपेढी नसलेल्या तालुक्याच्या दवाखान्यातही एवढं जमतं.

अडतं ते घड्याळापाशी. दोन दवाखाने फिरून आलेल्या नातेवाइकाला सिस्टर विचारतात, “लागलं किती वाजता?” तो म्हणतो, “सकाळीच की, जेवणाच्या आधी.”