उसाचे फड आणि संगणकाची गटवारी

सोलापूर जिल्ह्याच्या नकाशावर उसाच्या प्रत्येक फडासाठी एक ठिपका द्या. उजनीच्या खाली भीमेच्या आणि कालव्यांच्या काठाने दाटी होईल, मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या काळ्या रानात ती विरळ होईल आणि सांगोल्याकडे एखाद्या विहिरीच्या जोरावर उभा असलेला फड एकटाच दिसेल. आता संगणकाने यांचे गट पाडायचे, तेही कुठला ठिपका कोणत्या गटातला हे आधी न सांगता. डेटा मायनिंगमधलं, म्हणजे माहितीच्या ढिगातून उपयोगी नमुने शोधण्याच्या शास्त्रातलं, हे क्लस्टर विश्लेषण.

सर्वात प्रचलित पद्धत के-मीन्स. बेल लॅब्जच्या स्टुअर्ट लॉइड यांनी ती १९५७ साली मांडली, छापून मात्र आली १९८२ मध्ये. गट किती हवेत ते आपण सांगायचं, समजा पाच. संगणक पाच केंद्रं कुठेही ठेवतो, प्रत्येक ठिपका जवळच्या केंद्राला जोडतो, मग केंद्र आपापल्या ठिपक्यांच्या सरासरी जागी सरकवतो. केंद्रं हलायची थांबेपर्यंत हेच चालतं. काम झटपट होतं, पण गट गोलसरच असणार असं ही पद्धत धरून चालते. त्यामुळे पंढरपूरजवळ चंद्रकोरीसारखी वळणारी नदी तिला पेलत नाही. सलग पट्ट्याचे ती तुकडे करते आणि सांगोल्याचा एकटा फडही कुठल्यातरी गटात कोंबते.

१९९६ साली म्यूनिकच्या संशोधकांनी मांडलेली डीबीस्कॅन दाटी बघते. ठरावीक अंतरात पुरेसे शेजारी सापडले की गट पुढे वाढतो, म्हणून तो नदीच्या वळणांमागे जाऊ शकतो. एकटे ठिपके ती सरळ बाजूला काढते. भीमाकाठासाठी मला हीच सरस वाटते. अडचण त्या अंतराची आहे: काठावर जमणारं अंतर माळावर तोकडं पडतं आणि अंतर वाढवलं की काठावरचे वेगळे पट्टे एकमेकांत मिसळतात.

तिसरी श्रेणीबद्ध पद्धत जवळचे दोन-दोन जोडत वंशावळ उभी करते. गट किती, हे नंतर ठरवता येतं. पण एक लाख ठिपके असतील तर सुमारे ५०० कोटी जोड्यांची अंतरं मोजावी लागतात. जिल्ह्यातल्या ११ तालुक्यांची पीकपद्धत ताडून बघायला मात्र ती उत्तम.

माती परीक्षणाची पाच केंद्रं कुठे उघडावीत एवढंच ठरवायचं असेल, तर के-मीन्सच घ्यावी. तिथे पट्टा तुटला तरी बिघडत नाही, शेतकऱ्याला जवळचं केंद्र मिळतं.