देवाची प्रीती (ख्रिस्ती संकल्पना)

माणसाची लायकी न पाहता देव आधी आणि आपणहून त्याच्यावर प्रेम करतो, ही ख्रिस्ती धर्मातील मूळ श्रद्धा. नव्या करारातील ‘अगापे’ या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलने ‘प्रीती’ हा शब्द रूढ केला. ‘देव प्रीती आहे’ (१ योहान ४:८) हे वाक्य त्यामुळेच मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानात बसलेले असते. एरवी हा शब्द नायक-नायिकांच्या गाण्यांत सापडतो. ख्रिस्ती देवळात ऐकला की नवख्याला थोडा चमत्कारिक वाटतो.

जुन्या करारात याच्या जवळचा हिब्रू शब्द ‘हेसेद’. स्तोत्र १३६ च्या सव्वीसही ओळी ‘त्याची दया सनातन आहे’ या पालुपदाने संपतात. ‘दया’ म्हटले की वरच्याने खालच्याला दिलेले दान डोळ्यांपुढे येते. हेसेदमध्ये मात्र दिलेला शब्द पाळण्याची निष्ठाही आहे. या प्रीतीचा कळस ख्रिस्ताच्या क्रुसावरील मरणात दिसतो, असे ख्रिस्ती मानतात. आपण पापी असतानाच तो आपल्यासाठी मेला, हा प्रेषित पौलाचा युक्तिवाद (रोम ५:८).

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक १५) परतलेल्या मुलाकडे बाप धावत जातो, एवढे सगळ्यांना आठवते. थोरल्या भावाकडे लक्ष कमी जाते. तो घर सोडून कधी गेलेला नाही, राब राब राबतो, आणि तरी बापाचे मन त्याला उमगलेले नाही. प्रीतीची माहिती असणे आणि तिचा अनुभव येणे यांतले अंतर इथेच उघड होते.

पुण्याशी निगडित असलेल्या पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) आयुष्यात हे अंतर आठ वर्षांचे होते. पंचहौद मिशनचे नाव काढताच पुणेकराला लोकमान्य टिळक, रानडे यांच्यासारख्यांच्या हजेरीने वादळ उठवणारा १८९० चा चहा आठवतो; पण त्या मिशनशी संबंधित, इंग्लंडमधील वाँटेजच्या भगिनींचा (अँग्लिकन जोगिणींचा) रमाबाईंशी आलेला संबंध अधिक दूरगामी ठरला. इंग्लंडमध्ये याच भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात चालवलेले, समाजाने टाकलेल्या स्त्रियांचे आश्रयगृह रमाबाईंनी पाहिले. अशा स्त्रियांची इतक्या मायेने सेवा कशासाठी, असे विचारल्यावर त्यांना, लोकांनी हिणवलेल्या पण येशूने आपुलकीने वागवलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा (योहान ४) ऐकायला मिळाली. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही १८९१ च्या सुमारास, शारदा सदन ही त्यांची विधवांसाठीची शाळा मुंबईहून पुण्यात आल्यानंतर, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त नव्हे. पुढे आत्मकथनात त्यांनी हे स्वच्छ लिहिले. अशी कबुली द्यायला विद्वत्तेपेक्षा वेगळे धैर्य लागते. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी ‘कृपासदन’ काढले, त्यात फुलहॅमची आठवण दिसते. तिथेच १९०५ मध्ये मुली-स्त्रियांत सामूहिक प्रार्थना, अश्रू आणि पश्चात्तापाची मोठी लाट आली. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात तिचा उल्लेख होतो.

अनुभवाची भाषा पंथागणिक बदलते. कॅथलिक भाविक तो मिस्सा (मुख्य उपासनाविधी) आणि त्यात मिळणारे पवित्र ख्रिस्तशरीर यांत शोधतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘साक्ष’ देण्याला महत्त्व आहे, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केले ते सर्वांपुढे सांगणे. अनुभवाला कृतीची जोड हवी, यावर मात्र एकमत दिसते. दिसणाऱ्या भावावर प्रीती न करणारा न दिसणाऱ्या देवावर कशी करील, हा योहानाचाच सवाल (१ योहान ४:२०). जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२२ मध्ये स्थापलेल्या ख्रिस्त सेवा संघाने पुण्यात आश्रम थाटून भारतीय आणि इंग्रज सभासदांना एका पंगतीला बसवले, तेही साहेबी राजवटीत.

महाराष्ट्रात या संकल्पनेला भक्तीची बोली आयती मिळाली. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या रचनांत ख्रिस्त पित्याइतकाच आईच्या रूपातही येतो. हे बायबलला परके नाही: तान्ह्याला आई विसरली तरी मी तुला विसरणार नाही, असे देव यशया ४९:१५ मध्ये म्हणतो.