चरबी उतरली, पण दाहाचं काय?

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी एलडीएलवर, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलवर जाते. आकडा उतरलेला दिसला की घरादाराला हायसं वाटतं. पण हार्ट अटॅक बहुतेकदा येतो तो धमनीतला चरबीचा थर फुटल्यामुळे, आणि तो फुटण्यात दाहाचा (इन्फ्लमेशनचा) मोठा हात असतो. धमनीच्या भिंतीत शिरलेलं एलडीएल गिळायला मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी धावून येतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांनी सोडलेली विकरं (एन्झाइम) थरावरचं आवरण कुरतडतात. आवरण फाटलं की गुठळी झालीच.

मग कोलेस्टेरॉलची औषधं हा दाहही शमवतात का? सगळी सारखी नाहीत.

स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरची नेहमीची औषधं तो शमवतात. २००८ साली ‘ज्युपिटर’ चाचणीत १७,८०२ जणांना घेतलं. त्यांचं एलडीएल १३०च्या खाली होतं, पण दाह दाखवणारं रक्तातलं सीआरपी हे प्रथिन २ किंवा त्याहून जास्त. २० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनने एलडीएल ५० टक्के उतरलं, सीआरपी ३७ टक्के, आणि हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना ४४ टक्क्यांनी घटल्या. आता यात श्रेय कोणाचं? दोन्ही आकडे एकदमच उतरले, त्यामुळे हा वाद इथे सुटत नाही.

इव्होलोक्युमॅब या एलडीएल उतरवणाऱ्या इंजेक्शनने तो वाद आणखी चिघळवला. २०१७च्या ‘फुरिए’ चाचणीत एलडीएल ९२वरून थेट ३०वर आलं, सीआरपी मात्र ढिम्म हललं नाही. तरी हृदयविकारासारख्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे दाहाला हात न लावताही फायदा होतो? घाई नको. सीआरपी यकृतात तयार होतं. धमनीच्या आत काय चाललंय हे ते आडूनच सांगतं.

थेट बघायचं तर पेट (PET) स्कॅन. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. खवळलेल्या मॅक्रोफेजना साखर भरपूर लागते, म्हणून जिथे दाह तिथे स्कॅनमध्ये धमनी उजळते. ८० मिलिग्रॅम एटोर्वास्टॅटिन या स्टॅटिनने हा उजेड १२ आठवड्यांत मंदावला, १० मिलिग्रॅमने तितका नाही. इव्होलोक्युमॅबने मात्र, लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक चरबीवाहू कण) वाढलेल्या रुग्णांत, एलडीएल भरपूर पाडूनही दाहात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. लायपोप्रोटीन-ए स्वतःच दाह भडकवतं आणि ते जेमतेमच उतरलं होतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

एझेटिमाइब हे औषध कोलेस्टेरॉलचं आतड्यातून होणारं शोषण अडवतं. एकट्याने सीआरपीवर त्याचा फारसा परिणाम नाही. बेम्पेडोइक अॅसिड हे कोलेस्टेरॉलवरचं आणखी एक औषध मला जास्त रोचक वाटतं. ते यकृतातच सक्रिय होतं, स्नायूंत नाही. स्टॅटिनने ज्यांचे स्नायू दुखतात त्यांच्यासाठी ही मोठीच सोय. २०२३च्या चाचणीत त्याने एलडीएल आणि सीआरपी दोन्ही साधारण पाचव्या हिश्शाने उतरवलं.

नुसता दाह कमी करून भागतं का, याचं उत्तर २०१७च्या ‘कँटोस’ चाचणीने दिलं. कॅनाकिनुमॅब या फक्त दाह शमवणाऱ्या औषधाने एलडीएल तसंच राहिलं, पण हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयामुळे होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. मात्र जिवावर बेतणारे संसर्गही वाढले. गाउटवरचं जुनं, स्वस्त, दाह शमवणारं कोल्चिसिन २०१९मध्ये आशादायक ठरलं; २०२४च्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. या दोन्ही औषधांच्या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण सोबत स्टॅटिनही घेत होते.