टूल नुसत्या तारा जोडत नाही

‘दोन्ही ब्लॉक एएक्सआयचे आहेत ना, मग टूल तारा जोडेल की!’ चिप डिझाइन शिकणाऱ्यांत हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. एएक्सआय म्हणजे चिपमधल्या ब्लॉकनी एकमेकांशी डेटाची देवाणघेवाण कशी करायची याचे ठरलेले नियम, आणि टूल म्हणजे ब्लॉकमधलं जोडणीचं सर्किट बनवून देणारं सॉफ्टवेअर. तो चुकीचा आहे, आणि महागात पडतो.

२००३ चा एएक्सआय-३ एका बर्स्टमध्ये, म्हणजे एकदा पत्ता देऊन सलग केलेल्या देवाणघेवाणीत, जास्तीत जास्त १६ ट्रान्सफर घेतो. २०१० च्या एएक्सआय-४ मध्ये सलग पत्त्यांसाठी ही मर्यादा २५६ आहे. नव्या मास्टरने (देवाणघेवाण सुरू करणाऱ्या ब्लॉकने) जुन्या, एएक्सआय-३ च्या मेमरी कंट्रोलरकडे २५६ चा राइट बर्स्ट पाठवला, की मधल्या सर्किटला त्याचे १६ तुकडे करावे लागतात, प्रत्येकाचा पत्ता काढावा लागतो आणि परत आलेली १६ उत्तरं गोळा करून मास्टरला एकच द्यावं लागतं. सातव्या तुकड्यात एरर आली, तर ती गिळून चालत नाही. टूल हे सर्किट खरंच बनवून देतं, आणि माझ्या मते हाताने लिहिण्यापेक्षा ते बरं. पण त्यात गेट खर्च होतात, क्लॉक सायकलही जातात.

क्लॉकचं मात्र आपणच सांगायचं. दोन बाजूंचे क्लॉक असिंक्रोनस (एकमेकांशी ताळमेळ नसलेले) असताना तसं टूलमध्ये नोंदवायचं राहिलं, तर सिग्नल एका क्लॉकमधून दुसऱ्यात सुरक्षित नेणारा सिंक्रोनायझर मध्ये घातलाच जात नाही. सिम्युलेशन तरीही बिनबोभाट पास होतं, कारण नेहमीच्या आरटीएल (सर्किटच्या कोडच्या) सिम्युलेशनमध्ये मेटास्टेबिलिटी, म्हणजे सिग्नल काही काळ ० की १ हे न ठरता अधांतरी राहणं, दिसत नाही.